रोडग्याचा भाव

नवऱ्याचं नाव घेऊ नाई म्हणते, पण गोष्ट सांगायची तं घ्याच लागते. बंडूजी. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात एक बार काई शिरलं का बाहेर निंघत नाई. आन् त्या सालच्या हिवाळ्यात त्याइच्या डोक्यात जाहिरात शिरली होती.

आमची खानावळ तळेगावात होती. श्यामजीपंताचं तळेगाव म्हणते ते. बाजाराच्या अंगाले किसनरावाची टिनाची खोली होती, पुढं पडवी, मांगं आंगण, ती आमी भाड्यानं घेतली होती. भाकर, झुणका, वरण, भात, आन् वांगे निंघाले का वांग्याची भाजी. बाजाराच्या दिवशी कापसानं भरलेल्या बैलबंड्या घेऊन येणारे लोक माह्या हातचं खात आन् ढेकर देऊन जात. मले त्या ढेकराचं केवढं सुख होतं, ते ज्यानं दुसऱ्याच्या चुलीपाशी दिवस काढले त्यालेच समजन.

लग्न झालं तवापासून मी भासऱ्याच्या घरात होती. भासरे म्हणजे बंडूजीचे मोठे भाऊ, अण्णाजी. आष्टीच्या बाजूले त्याइचं मोठं घर, मोठं वावर. चूल मातर जावेची. मले लेकरू झालं नाई, म्हणून त्या घरात माहा हात शुभकामाले चालत नव्हता. शेण काढाले चाले, दळण दळाले चाले, पण कोणाच्या बारशाचा स्वयंपाक असला का जाऊ म्हणे, तू राहू दे वं. जेवाले मी सगळ्याइच्या मांगून बसत जाओ, उरलं ते खाओ. अण्णाजी मले कदी वाईट शब्द बोलले नाई. खरं तं कोणताच शब्द बोलले नाई. आमच्यात भासऱ्यासमोर बाईनं बोलायची रीत नाई. पदर हनवटीपर्यंत ओढायचा आन् भिंतीले चिपकून जायचं. शेवटी एक दिवस मी बंडूजीले म्हटलं, तुमी येता तं या, नाई तं मी एकटी जाईन आन् कोठंबी भाकरी थापून खाईन. ते आले. अशी ती खानावळ सुरू झाली.

बरी चालली होती. मंग मोटारस्टँडवर मोतीलालनं हॉटेल टाकलं. काचेचं कपाट, त्यात शेव-पेढे, आन् दिवसभर रेडिओ. लोकाइले काय, गाणं ऐकाले बसत आन् बसल्या बसल्या भजे खात. माह्या पडवीत माशा बसू लागल्या.

किसनराव आले, पडवीत बसून सुपारी कातरत म्हणे, "बाई, मोतीलाल ह्या खोलीसाठी माह्या मांगं लागून राह्यला. त्याले इथं मिठाई बनवाची हाये. संक्रांतीपर्यंत तुमची खानावळ चालताना दिसली तं मी त्याले नाई म्हणतो. नाई तं माहा बी नाइलाज हाये."

खोली गेली का भासऱ्याचं घर, दुसरं काय होतं आमाले? आन् मी मनात म्हटलं, कौशल्ये, तिकडं जाण्यापरीस हिरीत गेलेलं बरं.

तवापासून बंडूजीची जाहिरात सुरू झाली. पयले त्याइनं वर्ध्याहून पेंटर आणला आन् निळ्या रंगात पाटी लिहून घेतली, 'कौशल्या भोजनालय', खाली पदार्थ आन् भाव. माहं नाव पाटीवर पाहून मले लाज वाटली, मनातून बरं बी वाटलं, खोटं कायले बोलू. पण बाजाराले येणाऱ्यात वाचणारे किती? पटवारी आन् मास्तर. ते दोघंबी मोतीलालकडे बसत.

मंग त्याइनं पदार्थाइची नावं बदलली. झुणक्याचं 'बेसन मसाला' झालं, वरणाचं 'दाल तडका' झालं. भाकरीले काई सुचलं नाई म्हणून ती भाकरीच राह्यली. एक नागपूरचा माणूस मोटारीतून उतरला, पाटी वाचली, आन् मोठ्या ऐटीत बेसन मसाला मांगतला. मी वाढला.

तो म्हणे, "बाई, हा तं झुणका हाये."

मी म्हटलं, "हो, झुणकाच हाये."

"मंग झुणका लिहाले काय झालं होतं?"

बंडूजी आंगणात जाऊन लपले, बोलणे मले खा लागले. त्या दिवशी माहं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नाव बदललं तं चव बदलते का? इथं येणारा माणूस घरून झुणका-भाकर खाऊन निंघते. तेच त्यानं पैसे देऊन काऊन खावं? त्याले घरी रोज भेटत नाई, असं काई करा."

बंडूजी आंगणातून हळूच परत आले. मंग म्हणे, "रोडगे."

मी पाहतच राह्यली. इतक्या दिवसात पयल्यांदा हा माणूस शहाण्यासारखं बोलला होता. रोडगे रोज कोणाच्या घरी होतात? जाड्या कणकेचे गोळे घडी घालून वळा लागते, गोवऱ्याच्या निखाऱ्यात भाजा लागते, मंग राख झटकून फोडायचे आन् वर तुपाची धार. संगं तर्रीची वांग्याची भाजी आन् घट्ट वरण. देवीले नाई तं मारोतीले बोललेला नवस फेडाचा असला का आमच्याकडे रोडगे होतात आन् सारं गाव जेवते. एरवी नाई. म्हणून तं रोडग्याचं नाव काढलं का बुढ्या माणसाच्या बी तोंडाले पाणी सुटते. आमी ताटाचा भाव आठ आणे ठरवला, पोटभर खा, आन् बंडूजीनं तो पाटीवर लिहिला. उसनंपासनं करून गहू भरडले, तूप आणलं, आंगणात गोवऱ्या रचल्या.

आता हे लोकाइले सांगा लागे. गावात दवंडी द्याचं काम पयले रामाजीकडे होतं. पण रामाजी मागच्या दसऱ्याले नागपूरले गेलते आन् दीक्षा घेऊन आलते. त्याइच्या साऱ्या वस्तीनंच घेतली. घरातले देव काढले, गावकीची कामं सोडली, डफडं खाली ठेवलं. रामाजी सडकेच्या कामावर लागले. म्हणून बंडूजीनं स्वतःच घासलेटचा डबा गळ्यात अडकवला आन् गावभर बडवत फिरले. "ऐका हो, येत्या बाजाराच्या दिवशी बंडूजीकडे वांगे-वरण-रोडग्याचं जेवण हाये, साऱ्याइनं लेकराबाळासगट यावं हो." आवाज मोठा पल्लेदार. मी घरात बसून ऐकून राह्यली होती, माही छाती भरून आली.

भाव मातर त्याइनं सांगतलाच नाई. आजूबाजूच्या खेड्यात बी नाई सांगतला. हे मले त्या दिवशी समजलं, जवा कणीक सारी वळून झाली होती.

दुपार व्हायच्या आधी लोक यायले लागले. पयले आल्या सीताबाई, गल्लीच्या तोंडावर राहणाऱ्या बुढ्या. त्याइच्या एका हातात पाण्याचा लोटा आन् दुसऱ्या हातात नारळ. मी पाह्यलं, मांगून येणाऱ्या साऱ्याइच्या हातात आपापला लोटा. हॉटेलात कोणी घरून लोटा आणते का? गावजेवणाले आणते.

सीताबाईनं नारळ माह्या हाती देला आन् इचारलं, "देव कोठं मांडला वं?"

सीताबाईनं माह्या पाठीवरून हात फिरवला, मंग पोटाकडे पाह्यलं. "पाह्यलं बाप्पा देवीनं तुह्याकडे. कितवा हाये?"

मांगच्या बाया हसल्या. एकीनं माह्या कपाळाले कुंकू लावलं. एकीनं म्हटलं, मले वाटलंच होतं, तोंडावर तेज आलं. ज्या बाया ओटी भरायच्या वक्ताले मले टाळून जात, त्या मले हाताले धरून सावलीत बसवू लागल्या. खरं सांगू, घडीभर मले ते लय गोड वाटलं. मले वाटलं, असू दे न. आन् मंग असं रडू दाटलं का मी धूर लागला म्हणून आंगणात पळाली.

आंगणात बंडूजी निखारे सारून राह्यले होते. मी म्हटलं, "भाव सांगतला होता का?"

त्याइनं मान खाली घातली. "अवं, दोन-तीनदा तोंड उघडलं. रोडग्याचं नाव घेतल्यावर आठ आणे म्हणाले जीभच वळे ना. बापजन्मात कोणी रोडग्याचे पैसे घेतले का? मले वाटलं, पाटीवर लिहिलं हाये."

"पाटीवर," मी म्हटलं. त्या माणसाले मारावं का त्याच्या गळ्यात पडून रडावं, तेच समजे ना. कारण त्याच्या जागी मी असती तं माही जीभ तरी वळली असती का?

पंगत बसली. पत्रावळी बी लोकाइनंच मांडल्या, वाढाले पोरं उठले, असं घरचं कार्य असल्यासारखं. किसनराव आले, पंगतीच्या तोंडाशी बसले, म्हणे, "बंडूजी, लय चांगलं झालं, देव पावला." रोडगे फुटून राह्यले, तूप वाहून राह्यलं, आन् मी वाढता वाढता मनात म्हणून राह्यली, हे गहू गेले, हे तूप गेलं, ही खोली गेली. आन् तोंडानं म्हणून राह्यली, घ्या न अजून, लाजू नका.

तेवढ्यात पडवीच्या कोपऱ्याशी रामाजी येऊन उभे राह्यले. सडकेवरून हातपाय धुऊन आलते, आंगात धुतलेला पांढरा सदरा होता. त्याइची माणसं कदी माह्या पडवीत चढली नव्हती. मोतीलालकडे त्याइच्या कपबशा बाहेर वेगळ्या ठेवत. माह्याकडे वेगळ्या कपबशा नव्हत्या, कारण कोणी आलंच नव्हतं. आलं असतं तं मी काय केलं असतं, ते मले सांगता येत नाई.

किसनरावानं वर पाह्यलं. "अरे रामाजी, तिकडं झाडाखाली बस. वाढतीन तुले बी."

रामाजीनं त्याइच्याकडे पाह्यलं नाई. माह्याकडे पाह्यलं. "बाई, एक इचाराचं होतं. हे नवसाचं जेवण हाये का हॉटेल हाये? नवसाचं असन तं मी जेवत नाई, आमी ते सोडलं. हॉटेल असन तं पैसे देतो आन् बसून जेवतो. पाटीवर आठ आणे वाचलं, म्हणून आलो."

त्या पाटीवरचं वाचून आलेला तो गावातला पयला माणूस.

बंडूजी आंगणाच्या दारात निखाऱ्याचा चिमटा घेऊन उभे, माह्याकडे पाहून राह्यले. माह्या हातात तुपाचं भांडं. नवस म्हटलं असतं तं सारं सुरळीत होतं. लोक आशीर्वाद देऊन घरी गेले असते, किसनराव खूश झाले असते, आन् पुढं माहं पोट दिसलं नाई तं बाया आपापसात म्हणाल्या असत्या, बिचारीचं ठरलं नाई. पण मंग मी खानावळवाली राह्यली नसती. मी परत तीच झाली असती, जिच्याकडे पाहून लोक हळहळतात. आन् खानावळ संक्रांतीले तशीबी जाणारच होती.

"नवस नाई," मी म्हटलं. मांगच्याइले ऐकू गेलं नाई, म्हणून परत म्हटलं. "नवस नाई. मले दिवस बी गेले नाई. हे हॉटेल हाये, ताटाले आठ आणे. बसा, रामाजी."

पंगतीच्या शेवटी एक पत्रावळ मोकळी होती. रामाजीनं पयले आठ आणे माह्यासमोर ठेवले, मंग बसले. मी वाढलं. तूप पत्रावळीच्या बाहेर सांडलं.

त्याइच्या बाजूचा माणूस उठला. मंग त्याच्या बाजूचा. निम्मी पंगत अर्धे रोडगे टाकून उठली. किसनरावाचं जेवण झालं होतं, त्याइनं हात धुतले आन् म्हणाले, "जेवाले बोलावून पैसे मांगता, आन् वरून ह्याले आमच्या पंगतीत बसवता?"

"पंगत नाई, हॉटेल हाये," मी म्हटलं.

"मंग तुमचं हॉटेल दुसरीकडं न्या. संक्रांतीची वाट पाहू नका."

ते गेले. त्याइच्या मांगं बरेच गेले. सीताबाई बसूनच होत्या. मले वाटलं, आता ह्या मले शिव्या देतीन, खोट्या पोटाले आशीर्वाद देऊन बसल्या बिचाऱ्या. त्याइनं रामाजीकडे पाह्यलं, जराशा सरकल्या, पण उठल्या नाई. त्याइच्या वयाले तेवढं बी लय झालं. मंग पदराची गाठ सोडली आन् त्यात होते ते पैसे माह्या हातावर ठेवले.

"देवीचं हाये म्हणून फुकट खाल्लं होतं," त्या म्हणाल्या. "तुह्या घामाचं हाये तं हे घे."

तवा मातर मी रडली. धुराचं नाव सांगाले बी काई उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमी खोली मोकळी केली. बंडूजी भांड्याच्या ढिगापाशी डोक्याले हात लावून बसले. म्हणे, "मी अण्णाले निरोप धाडला. बंडी घेऊन येतीन."

मले असा राग आला का बोलाची सोय नाई. मी म्हटलं, "मले इचारलं होतं का? रोडग्याले छप्पर लागते का हो? वावरात होतात, देवळापुढं होतात, नदीच्या काठी होतात. चूल बी लागत नाई. चार गोवऱ्या आन् मोकळी जागा लागते. तेवढी तं ह्या गावात कोणाच्या बापाची नाई."

अमरावतीच्या सडकेले, गाव संपते तिथं, एक मोठा निंब होता. त्याच्या खाली आमी ताडपत्री हातरली. पुढच्या बाजाराच्या दिवशी डबा मी स्वतः घेतला. बंडूजी म्हणे, मी बडवतो, तू भाव सांग. मी सडकेच्या काठाले उभी राह्यली आन् बोंबलली, "गरम रोडगे, वांग्याची भाजी, आठ आणे." पयल्यांदा म्हटलं तवा कानशिलं तापले, वाटलं आता देवी कोपते. देवी काई कोपली नाई. एक ट्रक थांबला. सरदारजी उतरला, त्यानं जन्मात रोडगा पाह्यला नव्हता. राख लागलेला गोळा पाहून म्हणे, "ये क्या है बहनजी?" मी फोडून तूप टाकून देला. खाऊन झाल्यावर तो मांगच्या ट्रकवाल्याले हात करून बोलवाले लागला.

दुपारी रामाजी सडकेवरचे गडी घेऊन आले. ताडपत्री एकच होती. ज्याले बसाचं तो बसला, ज्याले नाई तो मोतीलालकडे गेला. गावातले काईजण सडकेच्या पल्याड उभे राहून वास घेत आन् निंघून जात. काईजण आले. किसनराव कदीच आले नाई.

उन्हं कलली तवा अण्णाजीची बंडी आली. त्याइनं बैल सोडले आन् ते ताडपत्रीपाशी येऊन उभे राह्यले. मी तिथल्या तिथं पदर ओढला आन् पाठ फिरवली, सवयच तशी. बंडूजीनं पाणी देलं, बसवलं, मी मांगून रोडगे फोडून देले, बंडूजीनं वाढले. अण्णाजी मान खाली घालून जेवले. रामाजीचे गडी पल्याडच्या टोकाले बसले होते, ते त्याइले दिसले, पण ते काई बोलले नाई. भूक लागली होती वाटते. तूप दोनदा घेतलं.

हात धुतला आन् बंडूजीले म्हणाले, "झाला तेवढा तमाशा लय झाला. भांडे भर बंडीत. दिवस बुडाच्या आत घरी पोचू."

बंडूजी जमिनीकडे पाहून राह्यले. मले ठाऊक होतं, हा माणूस भावासमोर नाई म्हणणार नाई. तो उठला बी, वरणाच्या गंजाले हात बी घातला. माह्या डोळ्यासमोर जावेची चूल आली, आन् साऱ्याइचं जेवण झाल्यावर भांड्याच्या बुडाशी उरलेलं वरण.

मी पुढं आली. पदर डोक्यावरच होता, पण तोंडावरून मी तो मांगं घेतला.

"आठ आणे झाले," मी म्हटलं.

अण्णाजीनं इकडं तिकडं पाह्यलं. त्याइले वाटलं, दुसरीच कोणी बाई बोलली. इतकी वर्षं मी त्याइच्या घरात दळलं, कांडलं, शेण काढलं, पण माहा आवाज त्याइनं कदी ऐकलाच नव्हता. मंग त्याइची नजर माह्यावर आली. मी खाली पाह्यलं नाई.

"ताटाचे आठ आणे," मी परत म्हटलं. "साऱ्याइले तोच भाव हाये."

पल्याडचे गडी इकडं पाहाले लागले. बंडूजीनं गंज खाली ठेवला.

अण्णाजीनं सदऱ्याच्या खिशातून पैसे काढले. भावजयीच्या हातात कसे देतीन, म्हणून ताडपत्रीच्या काठाशी ठेवले. भांडे भराचं परत बोलले नाई. बैल जुपले आन् आल्या रस्त्यानं गेले.

मी पैसे उचलले आन् पुढच्या ताटाले रोडगा फोडला.